आणि तेवढ्यात

ती वाचनालयाची ग्रंथपाल, तिथे तिला सगळे 'बाई' म्हणत. बाईंचा दरारा असा होता की भलेभले लोकसुद्धा पुस्तक उशिरा परत करताना आवाज खाली आणत आणि घरातल्या कुणाच्या तरी आजारपणाचा विषय काढत. तिला 'चिमी' म्हणणारी माणसं आता दोनच उरली होती, एक तिचे बाबा आणि दुसरा तिचा दादा. त्यातल्या दादाशी सध्या तिची चांगलीच जुंपली होती.

दादा म्हणजे गावाचे सर. जन्मभर त्यांनी कॉलेजात साहित्य शिकवलं. प्रबंध लिहिला तो कथेच्या खुल्या शेवटावर, आणि 'चांगली कथा संपत नाही, थांबते' हे त्यांचं वाक्य ज्यांनी त्यांच्या वर्गात फक्त झोपा काढल्या त्यांनाही पाठ होतं. निवृत्तीनंतर ते वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष झाले. बाकी कुणी त्या खुर्चीच्या वाऱ्यालाही उभं राहत नव्हतं आणि सरांना नाही म्हणायची सवय नव्हती, इतकी साधी ती निवडणूक.

भांडण लागलं ते नव्या दालनावरून. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर उंच खिडक्यांचं, लाकडी कपाटांचं एक सुंदर दालन तयार झालं होतं आणि त्याच्या दारावर 'साहित्य' अशी पितळी पाटी लागली होती. जागा मात्र बेताची होती. म्हणून ठरलं असं, की साहित्य तेवढं वर जाईल. जिन्याखालच्या खोलीत लिफ्ट बसणार होती, तेव्हा त्या खोलीत साचलेली जुनी वेळापत्रकं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, रद्द झालेले कायदे आणि 'पेंगू पहारेकरी'चे लाल पाठीचे खंड रद्दीवाला सोमवारी उचलून नेईल.

वेळापत्रकांबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. पेंगूबद्दल मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

'पेंगू पहारेकरी' हे चित्रकथांचं मासिक केव्हाच बंद पडलं होतं. त्यातला पेंगू हा गावाचा पहारेकरी. मिशा भरघोस, पोट त्याहून भरघोस, आणि हातात काठी आली रे आली की त्याला झोप यायची. त्याच्या सोबतीला एक बदक होतं. ते मात्र टक्क जागं असायचं आणि पेंगूकडे असं बघायचं, जसं एखादी बायको मित्रमंडळींत बढाया मारणाऱ्या नवऱ्याकडे बघते. चोर यायचे, पेंगू घोरायचा आणि तरीही दर महिन्याला चोर पकडले जायचे. बस, एवढंच. पण एवढ्यावर गावातली पोरं वेडी झाली होती.

ते खंड बांधले होते बाबांनी. बाबा वाचनालयाचे बाइंडर. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचा कारखाना होता, आणि तिथल्या टेबलाखाली, खळीच्या आणि ताज्या कापलेल्या कागदाच्या वासात, दादाने मांडी घालून चिमीला पेंगू वाचून दाखवला होता. तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. चित्रं ती बघायची आणि आवाज दादाचा असायचा, पेंगूच्या घोरण्याचासुद्धा. आता तोच दादा जिन्याखालच्या खोलीत कमरेवर हात ठेवून उभा होता आणि तिला शहाणपण शिकवत होता.

"चिमे, कॉमिक्स म्हणजे साहित्य नव्हे. मजा आहे, मान्य. मीही लोळून लोळून हसलोय. पण साहित्य वाचताना वाचकाला काहीतरी करावं लागतं. इथे सगळं आयतं. चोर कसा दिसतो ते काढून दाखवलंय, पूल कसा दिसतो ते काढून दाखवलंय. वाचकाने करायचं काय? पानं उलटायची."

"नाटक बघताना तर पानंही उलटावी लागत नाहीत."

"नाटकाचं वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे कसं?"

"वेगळं म्हणजे वेगळं," दादा म्हणाला. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर सरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण धाकट्या बहिणीपुढे प्रबंध वगैरे कामाला येत नाहीत. "शनिवारी समिती बसतेय. तुला काय म्हणायचंय ते तिथे म्हण. बाकीच्यांना पटलं तर मी आडवा येणार नाही."

"आणि बाबांना काय सांगू? तुम्ही बांधलेले खंड रद्दीत गेले?"

दादा चष्मा पुसत म्हणाला, "बाबांनी बांधलं म्हणून टेलिफोन डिरेक्टरीही वर न्यायची का?" हे बोलणं बरोबर होतं. त्यामुळे तर ते चिमीला जास्तच झोंबलं.

गुरुवारी दुपारी वाचनालय रिकामं होतं. बाई लाल पाठीचे खंड टेबलावर मांडून बसल्या. धूळ पुसली, उसवलेल्या पाठीला खळ लावली. समितीपुढे एखादी गोष्ट सरळ वाचूनच दाखवायची असा त्यांचा बेत होता. वाद घालून दादापुढे कुणाचा टिकाव लागत नसे, पण बदकापुढे दादाचाही लागला नसता. आणि गोष्ट कुठली वाचायची यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पुलाची चोरी.

नदीवरचा लाकडी पूल चोरायला चोरांची टोळी येते. पेंगू त्याच पुलाच्या मधोमध झोपलेला. चोर पुलाच्या खुंट्या काढतात, दोऱ्या सोडतात आणि अख्खा पूल पेंगूसकट खांद्यावर उचलतात. सगळ्या अंधारात जागं कोण, तर एकटं बदक. त्याने चोच उघडली आहे, डोळे बशीएवढे झाले आहेत, आणि खाली चौकटीत लिहिलं आहे, 'आणि तेवढ्यात—'

बाईंनी हसत पान उलटलं. पुढे पेंगू विहिरीच्या काठावर बसला होता. ही तर दुसरीच गोष्ट, पुढच्या अंकातली.

पान फाटलंय, असं त्यांना आधी वाटलं, आणि फाडणाऱ्याचा त्यांनी मनातल्या मनात असा उद्धार केला की तो ऐकला असता तर त्याने जन्मात पुस्तकाला हात लावला नसता. पण फाटल्याची खूण कुठेच नव्हती. शिवण घट्ट होती. त्यांनी विहिरीची गोष्ट शेवटपर्यंत पाहिली. 'आणि तेवढ्यात—' पुढे जत्रेतल्या चोराची. 'आणि तेवढ्यात—' दुसरा खंड उघडला, तिसरा उघडला. एकूण एक गोष्ट तिथेच येऊन थांबत होती.

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या. मासिकं बांधायची बाबांची पद्धत ठरलेली होती. वर्षभराचे अंक यायचे, त्यांची कव्हरं काढायची, जाहिरातींची पानं काढायची, मग उरलेलं शिवायचं. बाकीच्या मासिकांच्या कव्हरांवर साबण आणि छत्र्याच असायच्या. पेंगूचा छापणारा मात्र कागदाला भलताच जपणारा असावा. त्याने गोष्टीचं शेवटचं पान मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला छापलं होतं, आणि बाबांनी वर्षानुवर्षं, नेमाने, पेंगूच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट काढून बाजूला केला होता. गावात ते मासिक दुसरीकडे कुठे मिळत नसे. वाचनालयातही सुटे अंक कुणाच्या हातात देत नसत, कारण पोरं ते सदऱ्यात लपवून पळवायची. आधी बांधायचं, मग वाचायचं, असा तिथला दंडकच होता आणि बाबा तो घरातल्या पोरांनाही लावत. म्हणजे या गावात पेंगूचा शेवट कुणीही, कधीही पाहिलेला नव्हता.

पण बाईंना पुलाच्या चोरीचा शेवट चांगला आठवत होता. नदीतली सगळी बदकं येतात, पुलाखाली शिरतात आणि अंधारात हळूच त्याची दिशा वळवतात. चोर बिचारे रात्रभर घाम गाळून पूल वाहतात आणि उजाडतं तेव्हा बघतात तर तो होता तिथेच आणून ठेवलेला. पेंगू जागा होऊन म्हणतो, "आज पूल जरा ताजातवाना दिसतोय." हे सगळं त्यांना अगदी स्पष्ट आठवत होतं. फक्त नीट डोळे मिटून बघितलं तेव्हा कळलं की चित्र एकही आठवत नाहीये. आठवतोय तो टेबलाखालचा दादाचा आवाज.

चिमीला भरून आलं. आपण 'मग? मग काय झालं?' म्हणून भोकाड पसरायचो, आणि एवढासा दादा काही न छापलेल्या जागेवरून वाचत राहायचा. दर गोष्टीला. न अडखळता.

हे त्याला जाऊन सांगावं असं तिला वाटलं आणि ती उठलीही, पण दारापर्यंत जाऊन परत फिरली. वाचनालयाचा नियम होता की अपुरं पुस्तक ठेवायचं नाही, पान गेलं की पुस्तक गेलं. तो नियम दुसऱ्या कुणी नाही, बाईंनीच लावून धरला होता आणि त्यापायी कितीतरी लोकांशी वाकडेपणा घेतला होता. दादाला हे कळलं तर साहित्य आहे की नाही हा वादच मिटला, खंड आपोआप रद्दीत.

आणि त्याहून वाईट म्हणजे बाबा. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा शनिवारसाठी सदरा काढून बसले होते. समितीने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"माझे लाल खंड वर जाणार म्हणे," ते म्हणाले. "त्या पितळी पाटीच्या खोलीत."

"ठरायचंय अजून, बाबा."

"ठरेल. काम पक्कं आहे माझं. इतकी वर्षं बांधली पुस्तकं, पण माझ्या हातून कुणाचं पान इकडचं तिकडे झालं नाही. कुणालाही विचार."

चिमी सदऱ्याला इस्त्री करत राहिली. या माणसाला काय सांगायचं? की बाबा, तुम्ही पान गमावलं नाहीत, तुम्ही अख्ख्या गावाच्या गोष्टींचे शेवट गमावलेत? तिने ठरवलं, खंड उघडायचेच नाहीत. नुसते लांबून दाखवायचे.

शनिवारी दुपारी समिती नव्या दालनात बसली. समिती म्हणजे सर, दंतवैद्य आणि वकीलबाई. दंतवैद्य आणि वकीलबाई याच गावात लहानाचे मोठे झालेले, याच वाचनालयात चपला हरवलेले. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. लाल खंड टेबलाच्या मध्यावर होते आणि बाई त्यांच्यावर हात ठेवून अशा उभ्या होत्या, जशी कोंबडी अंड्यांवर बसते.

सरांनी आपलं म्हणणं मांडलं, आणि छान मांडलं. साहित्य म्हणजे नुसता मजकूर नव्हे. शब्द वाचकाच्या मनात चित्र उभं करतो. ते चित्र वाचकाचं स्वतःचं असतं, दुसऱ्याच्या चित्रासारखं नसतं, आणि तीच साहित्याची श्रीमंती. चित्रकथेत ते काम चित्रकाराने आधीच उरकलेलं असतं. सगळ्यांना एकच चित्र, एकच गोष्ट. "त्यात कमीपणा नाही," सर म्हणाले. "लाडूही मला आवडतात. पण लाडवाला कुणी साहित्य म्हणत नाही."

"पटलं," दंतवैद्य म्हणाले. "तरी मन होत नाही हो. तो पुलाच्या चोरीचा शेवट आठवतोय का? बदक चोराचं नाक चोचीत पकडतं आणि त्याला तसंच ओढत चौकीत नेतं. मी दाताचा डॉक्टर झालो ते त्या चित्रामुळे. काय पकड होती."

"नाक?" वकीलबाई म्हणाल्या. "नाकाचा काय संबंध? पेंगू इतक्या जोरात घोरतो की पूल हलायला लागतो आणि चोर एकेक करून पाण्यात पडतात. टपाटप. मला तर त्यांच्या टोप्या पाण्यावर तरंगताना दिसतात अजून."

"टोप्या नव्हत्याच. चोरांना टोप्या कुठल्या?"

"मी पाहिल्यात."

"तुम्ही दोघंही काहीतरी दुसरंच बोलताय," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज नकळत वर्गातला झाला. "पुलाच्या चोरीत नदीतली सगळी बदकं येतात. पुलाखाली शिरतात आणि तो वळवतात. सकाळी पूल जागच्या जागी. पेंगू म्हणतो, आज पूल ताजातवाना दिसतोय. चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. उजव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात."

"सर, तुमचं वय झालं," दंतवैद्य म्हणाले.

"नाकाचं चित्र दाखवा, मी राजीनामा देतो."

वाद पेटला. साहित्य राहिलं बाजूला. वकीलबाई टेबलावर बोट आपटत साक्षीपुरावा मागायला लागल्या, दंतवैद्यांनी बदक कसं धरतं ते स्वतःच्या नाकावर करून दाखवलं, आणि बाबा मान या बाजूकडून त्या बाजूला फिरवत मजेत ऐकत राहिले. बाईंनी मात्र खंडांवरचा हात आणखी घट्ट दाबला, कारण पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं.

"एवढं भांडायचं कशाला?" वकीलबाई म्हणाल्या. "खंड समोरच आहे. बाई, काढा."

"आत्ता नको," बाई म्हणाल्या. "खळ ओली आहे."

"चिमे," दादा म्हणाला, "काढ."

चिमीने एकदा बाबांकडे पाहिलं. मग खंड उघडला, पान काढलं आणि टेबलाच्या मधोमध सरकवला. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. पूल होता, चोर होते, चोच उघडलेलं बदक होतं. आणि तेवढ्यात— सरांनी पान उलटलं. विहीर. त्यांनी परत मागे उलटलं, परत पुढे उलटलं.

"पान कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतंच," चिमी म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने सगळं सांगून टाकलं, कव्हरांचं, जाहिरातींचं आणि मागच्या कव्हरच्या आत छापलेल्या शेवटाचं. बाबांकडे न बघता सांगितलं. "एकाही गोष्टीला शेवट नाही. तुम्ही कुणीच शेवट पाहिलेला नाही. नाक, टोप्या, बदकं, हे सगळं ज्याने त्याने घरी जाऊन रचलंय."

दंतवैद्यांचा हात अजून नाकावरच होता. सरांचा चेहरा असा झाला होता, जसा जिना संपल्यावर अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकणाऱ्याचा होतो.

"म्हणजे हे अपुरे आहेत," ते शेवटी पुटपुटले. "नियमाप्रमाणे अपुरं पुस्तक—"

"अपुरे कशाने?" कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

सगळे वळले. बाबा काठी टेकत उठले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेशही नव्हता. उलट, कामात खोट काढल्यावर कारागिराच्या चेहऱ्यावर जो राग येतो, तो होता.

"माझ्या हातून पान जात नाही. कव्हरं काढली, ती काय मी उकिरड्यावर टाकली? जाड कागद, चांगला. खळ लावून एकावर एक चिकटवली आणि त्याचेच पुठ्ठे केले. ज्या वर्षाची कव्हरं, त्याच वर्षाच्या खंडाला." त्यांनी लाल खंडाच्या पुठ्ठ्यावर बोटाने टकटक केलं. "इथेच आहेत तुमचे शेवट. इतकी वर्षं हातात धरून बसता आणि मला विचारता पान कुठे गेलं."

चिमी बाबांकडे बघतच राहिली. दोन दिवस तिने जे ओझं वाहिलं होतं ते एका टकटकीत उतरलं, आणि तिला इतकं हसू आलं की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"पण बाबा, त्यावर गोष्ट छापलीय हे तुम्हाला दिसलं नाही?"

"मी बांधतो. वाचत बसलो असतो तर बांधून कधी झाले असते?"

मग कुणी चहा सांगितला, कुणी ओलं फडकं आणलं. बाबांनी खिशातून कागद उचलायची हाडाची पट्टी काढली. ती ते लग्नकार्यालाही खिशात घेऊन जात. पुठ्ठ्याचा आतला कागद त्यांनी ओला केला आणि थांबले. "पिठाची खळ आहे, पाण्याला सुटते. पण घाई चालत नाही तिला." चहा पिऊन होईपर्यंत खळ सुटली. पहिला थर निघाला, तो जत्रेचा. त्याखाली, कडेला जरा डागाळलेला, पण पूर्ण, पूल निघाला.

चौघं त्यावर वाकले. दोनच चित्रं होती. पहिल्या चित्रात पेंगू शिंकत होता. दुसऱ्यात पूल नदीवर पडला होता आणि चोर पळत होते. खाली 'समाप्त' लिहिलं होतं, आणि उरलेल्या पाऊण पानावर दंतमंजनाची जाहिरात होती.

"मंजन चांगलं होतं ते," दंतवैद्य म्हणाले, पण त्यांचाही जीव त्यात नव्हता.

"शिंक?" वकीलबाई म्हणाल्या. "एवढं सगळं करून शिंक?"

सर ते पान हातात धरून कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि ठामपणे म्हणाले, "हे नाही. हे चुकीचं आहे."

"छापलंय, दादा."

"छापलं म्हणून काय झालं? पुलाचा शेवट असा नाही."

आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. चिमीने ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग गाल, आणि मग टेबलाखालच्या त्या पोरासारखं, साफ ओशाळलेलं हसू फुटलं. सगळ्यांना एकच चित्र, एकच गोष्ट, असं हा माणूस अर्ध्या तासापूर्वी म्हणाला होता. आणि इथे एकाच बदकाचे तीन शेवट चहा पिऊन बसले होते.

"सर," वकीलबाई म्हणाल्या, "ते 'चांगली कथा संपत नाही, थांबते' हे तुमचंच ना?"

"माझंच."

"तुमचं कसलं? ते यांच्या सुरीचं," दंतवैद्य बाबांकडे बोट दाखवत म्हणाले. "सगळा प्रबंध यांच्या सुरीचा."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. हसता हसता त्यांनी चिमीकडे पाहिलं. "मी तुला वाचून दाखवायचो," ते म्हणाले. "मला वाटायचं मी वाचतोय. खरंच वाचतोय असं वाटायचं गं."

"मला अजूनही वाटतं," चिमी म्हणाली. "दादा, मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले. पण मला गोष्टीची गोडी लागली ती तू न छापलेलं वाचलंस त्याने. त्याला तू साहित्य म्हण, नाहीतर लाडू म्हण. ते माझं आहे आणि ते मी रद्दीत जाऊ देणार नाही."

यावर मतदान वगैरे झालं नाही. सरांनी लाल खंड उचलले आणि स्वतःच मधल्या कपाटात, त्यांच्या आवडत्या कथाकारांच्या शेजारी, सरळ रेषेत लावले. पुलाचा तेवढा खंड टेबलावर राहिला.

"बाबा, ही कव्हरं होती तशी परत चिकटवाल?" दादाने विचारलं.

"शेवट आत ठेवायचा?"

"आतच बरा आहे."

बाबांनी खांदे उडवले. शिकलेल्या लोकांचं काही कळत नाही, असा त्यांचा जुनाच अनुभव होता. त्यांनी खंड पुढे ओढला. पण पुठ्ठा मिटण्याआधी त्यांची नजर उघड्या पानावर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी चष्मा खाली केला, पूल पाहिला, खांद्यावर पूल घेतलेले चोर पाहिले, मधोमध घोरणारा पेंगू पाहिला. या घराण्यात सगळ्यात जास्त पेंगू त्यांच्या हाताखालून गेला होता आणि त्यांनी तो आज पहिल्यांदा वाचला. मग त्यांनी ते सुटलेलं शेवटचं पान उचलून नीट न्याहाळलं, दोन्ही चित्रांत बोट फिरवत काहीतरी शोधलं.

"यात बदक नाही," ते म्हणाले.

"नाही," चिमी म्हणाली. तिच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. चित्रकार ते काढायला विसरला होता.

"मग बदकाचं काय झालं?"

बाबा मान वर करून आळीपाळीने दोघा पोरांकडे बघत होते, आणि त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दादाने खुर्ची ओढली आणि बाबांच्या अगदी जवळ बसला. चिमीला उभं राहवेना. दंतवैद्य आणि वकीलबाई काय म्हणतील याचा विचार न करता ती सरळ खाली, टेबलाच्या पायाला टेकून, फरशीवर बसली.

"आणि तेवढ्यात," दादा म्हणाला, आणि काही न छापलेल्या जागेवर बोट ठेवून वाचायला लागला.